वालूरच्या घराचा कब्जा

आमच्या घरधन्यांचं मानवतला मोंढ्याच्या वाटेवर दोर आणि सरकी-पेंडीचं दुकान होतं. दुकानावर पोट भरायचं, पण दुकान माणसाबरोबर म्हातारं होतं आणि घर होत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चार पैसे गाठीला लागले की ते जागा बघायला निघायचे. दुसऱ्यांचे नवरे जत्रेला जायचे, आमचे लोकांच्या भिंतींची ओल तपासत फिरायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला ह्याचं हसू यायचं. पाचसात वर्षांत मीच त्यांच्यापेक्षा पक्की झाले.

पहिली जागा आम्ही घेतली ती जिनिंगच्या मागं, वर मातीचं धाबं असलेल्या तीन खोल्या. कापसाचा हंगाम लागला की मजूर आणि मुकादम बिऱ्हाड शोधत यायचे. खोली देणं सोपं असतं असं मला तोवर वाटायचं. भाडं महिन्याचं घ्यावं का हंगामाचं? हंगामाचं घेतलं तर पैसा एकदम हातात येतो, पण मग उन्हाळाभर खोलीत घुशी राहतात. सड्या माणसाला द्यावी का बायकोपोरांवाल्याला? सडा माणूस एका पिशवीनिशी पसार होतो. बिऱ्हाडवाला पळत नाही, पण त्याला काढायचं म्हटलं की त्याची बायको बाळंत होते. आणि धाब्यावर दरसाल पांढरी माती टाकायची कुणी, मालकानं का भाडेकरूनं? हा सगळ्यांत मोठा सवाल. ह्या मातीच्या पाट्यांवरून मानवतला डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

त्या तीन खोल्यांतल्या मधल्या खोलीत एक मुकादम राहायचा. तो बायकोला एवढं मारायचा की शेजारच्या खोलीतल्या भिंतीचा गिलावा पडायचा. घरधन्यांनी त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी मी मुसळ घेऊन गेले आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो खाली बसला तो उठेचना. घरी आल्यावर घरधनी म्हणाले, "आता ह्यो कामाला कसा जाईल, अन् भाडं कुठून देईल?"

मी म्हटलं, "पळून बी जाता येणार न्हाई त्याला."

माझा राग असा होता. तो मला आवडायचाही, खोटं कशाला बोलू. त्या मुकादमाची बायको पुढं मला दिसली की पदर डोळ्याला लावायची, आणि मला वाटायचं की राग ही चांगल्या कामाला येणारी वस्तू आहे. वालूरच्या घरापर्यंत मला असंच वाटत होतं.

ते मोगलाईचं शेवटचं वर्ष. खाकी कपड्यांतले हत्यारबंद लोक गावागावांतून फिरत होते. कुणाचा कडबा जाळ, कुणाला बाजारात धरून झोडप, असं चाललेलं. दुसरीकडं हद्दीपलीकडून येऊन चौक्या जाळणारेही होते. ज्याला जमेल तो बिऱ्हाड उचलून हद्दीपार चाललेला. त्यामुळं घरं स्वस्त झाली. आमच्यासारख्या लहान माणसांना आजवर ज्या घराच्या ओसरीवर चढायची छाती नव्हती, त्या घराचे मालक आपणहून दुकानावर यायला लागले.

तसाच एक वालूरचा कापडवाला आला. आमच्याच लिंगायत समाजातला, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलायला मऊ. वालूरच्या पेठेच्या तोंडाशी त्याचं बारा खणांचं घर होतं, मागं न्हाणी, मोकळं पोरस आणि गोड्या पाण्याचा आड. पुढची ओसरी भिंती घालून तोडली तर चार दुकानं निघतील, हे मला ऐकता ऐकताच दिसलं. घरधन्यांना मात्र हजार शंका. मानवतचं घर रोज डोळ्यांखाली राहतं, वालूरचं कसं राहील? भाडं आणायला कोण जाईल? आज घेतलं आणि उद्या जाळलं तर? माणूस एवढ्या घाईनं का विकतोय?

"चार दिवस थांबू. जाऊन बघून येऊ आत," ते म्हणाले.

"बघितलंय की मी," मी म्हटलं.

माझी एक मावशी वालूरला दिलेली होती. ती जिवंत होती तोवर मी लहानपणी तिच्याकडं जायची. त्या कापडवाल्याच्या ओसरीवर बसून मावशीनं मला परकराचं कापड घेतलं होतं. मी ओसरी पाहिली होती, आणि घर पाहिलं असं सांगत होते. सौदा करताना माणूस जे खोटं बोलतो ते बहुतेक दुसऱ्याशी बोलतो. मी ते स्वतःशी बोलले.

घरधनी तरी कापडवाल्याला म्हणाले, "घरात भाऊबंदकी न्हाई ना काही? धाकटा भाऊ होता म्हणतेत तुमाला."

"तो वारला," कापडवाला म्हणाला. मग त्यानं गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, उजवा हात त्यावर ठेवला आणि म्हणाला, "ह्या घरात माझ्याबिगर कुणाचा हिस्सा न्हाई."

आमच्यात ह्याच्या पलीकडं बोलणं नसतं. दुसऱ्या समाजाचा माणूस असता तर घरधन्यांनी तलाठ्याला विचारलं असतं, शेजाऱ्यांना विचारलं असतं. इथं विचारणं म्हणजे त्याच्या हातातल्या लिंगावर शंका घेणं. मीच त्यांना आत बोलावून रागे भरले, "लिंग हातात घेऊन माणूस बोलायलाय, अजून काय पायजे तुमाला?"

पैशाचा निराळाच घोळ निघाला. आमच्याकडं होता तो मोगलाईचा हाली रुपया, तो हद्दीपलीकडं चालत नव्हता. त्याला तिकडचा कलदार हवा होता, तो आमच्याकडं नव्हता. सोनं दोन्हीकडं चालतं. माझ्या आईनं दिलेल्या चार पाटल्या मी हातातून काढल्या. एक निघेना, तर साबण लावून काढली. तहसिलीत विक्रीचा बैनामा झाला. तो उर्दूत होता, कारकुनानं वाचून दाखवला, घराच्या चारी दिशा त्यात बरोबर लिहिल्या होत्या. आत कोण बसलंय हे बैनाम्यात लिहीत नाहीत.

आठ दिवसांनी आम्ही बैलगाडीनं वालूरला गेलो. गाडीत नवं कुलूप, ज्वारीचं पोतं, आमचा म्हातारा गाडीवान आणि आम्ही दोघं. कापडवाला तोवर हद्दीपार झालेला. दार ढकललं, ओसरी ओलांडली, मधला सोपा ओलांडला, आणि मागच्या खोलीतून धूर येताना दिसला.

एक बाई चुलीपुढं भाकरी थापत होती. माझ्याच वयाची, माझ्यासारखंच कपाळाला भस्म. तिनं हात थांबवला नाही.

"कोण गं तू?" मी विचारलं.

"ह्या घरची. तुमी कोण?"

"घर घेतलंय आमी. बैनामा झालाय."

"कुणाकून घेतलं?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "माझ्या दिराकून? मग त्याचं घर घ्या तुमी. माझं मी दिलं न्हाई."

"त्यानं तर शपथ घेतली की कुणाचा हिस्सा न्हाई म्हणून."

"खोटी न्हाई घेतली त्यानं, अक्का. पाटाची हाय मी. त्याच्या हिशेबानं मी ह्या घरात आलेच न्हाई कधी."

आमच्यात विधवेचा पाट लावतात. वाजंत्री नाही, मांडव नाही, संध्याकाळी चार माणसांत उरकतात. समाज त्या बाईला नांदू देतो. पण नवरा मेला आणि हिश्श्याची वेळ आली की भाऊबंदांना एकदम आठवतं, की अरे, हिच्या लग्नात वाजंत्री नव्हती. ही धाकट्या भावाची पाटाची बायको होती, आणि भाऊ मरून दीड वर्ष झालं होतं.

घरधनी तिथंच सोप्यात खाली बसले. त्यांची आईसुद्धा पाटाची होती. तिला नवऱ्याच्या घरात पाय पसरण्याएवढीही जागा मिळाली नव्हती. ह्यांना कडेवर घेऊन ती दुसऱ्यांच्या जोत्यांवर राहिली होती. माणूस जन्मभर घरं घेत फिरला तो उगीच नाही. थोड्या वेळानं ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मागची खोली राहू दे तिला. पुढचं आपलं."

मी तिथल्या तिथं हिशेब मांडला. मागची खोली तिची, म्हणजे पोरस तिचं, आड तिचा, जायची-यायची वाट तिची. चार दुकानं काढली तर त्यांचा माल ठेवायला मागं जागा नाही. पुढं कधी विकायचं म्हटलं तर वादाचं घर कोण घेतं? मी माझे दोन्ही रिकामे हात त्यांच्यापुढं धरले. "अर्ध्या घराला दिल्या न्हाईत मी पाटल्या," मी म्हटलं.

कचेऱ्या त्या दिवसांत नावाला उघड्या होत्या. तक्रार घेऊन जायची सोय नव्हती. गावातल्या तीन जुन्या माणसांना आम्ही गाठलं, त्यांत एक जंगमस्वामी होते. ते म्हणाले, कागद आमी वाचत न्हाई, आमी चूल बघतो. वालूरची ही जुनी रीत. घराचा कब्जा कुणाचा ह्यावर तंटा झाला की पंच घरात येत आणि चुलीच्या राखेत हात घालत. ज्याची राख ऊन त्याचं घर. चूल विझली की कब्जा सुटला. दोन चुली ऊन निघाल्या तर घर निम्मं निम्मं. येत्या सोमवारी सकाळी येतो, असं सांगून ते उठले.

त्याच दिवशी मानवतच्या बाजारात लुटालूट होणार अशी आवई आली. घरधन्यांना दुकान सोडवत नव्हतं. "चल परत. पाटल्या गेल्या समज," ते म्हणाले. मी ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, वर चिखल लिंपला, आणि नवी चूल पेटवली. ते मिळेल त्या सोबतीनं पायी निघून गेले. गाडीवान आणि त्याची कुऱ्हाड माझ्यापाशी राहिली.

मग सहा दिवस आम्ही दोघी बायका एका घरात दोन चुली जपत बसलो. कापसाच्या पळाट्या जळतात भराभर, म्हणून मी बाभळीचा ओंडका आत सरकवून ठेवायची. तिच्याकडं गोवऱ्या होत्या, त्या राखेखाली दिवसभर धुमसत राहतात. माझ्यापेक्षा तिला हे चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मूठभर मिरच्या तव्यावर टाकल्या आणि मधलं दार उघडून सुपानं वारा घातला. मी आणि गाडीवान खोकत खोकत रस्त्यावर आलो, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. ती आतून शांतपणे म्हणाली, "परवडत न्हाई तर जावं माणसानं आपल्या गावाला." तिसऱ्या दिवशी ती पाणी शेंदायला आडावर गेली तेव्हा मी घागरभर पाणी तिच्या चुलीत ओतलं. ती आली, तिनं बघितलं, घागर खाली ठेवली, लोखंडी फुंकणी उचलली आणि माझ्या कपाळावर घातली. भुवईच्या वर फाटलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी मी तिचे केस सोडले नाहीत. गाडीवानानं आम्हांला सोडवलं तेव्हा माझ्या मुठीत तिच्या केसांचा झुबका होता. तो मी माझ्या चुलीत टाकला. त्याचा वास घरभर पसरला. मला बरं वाटलं. तेव्हा बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

चौथ्या दिवशी खाकीतले लोक बाजारात आले. शेजारच्या तेलवाल्याला त्यांनी ओढून बाहेर काढलं आणि त्याचा हात उंबऱ्यावर धरून लाठीनं मोडला. हाड मोडल्याचा आवाज आम्हांला आत ऐकू आला. मग ते आमच्या दाराशी आले आणि दाराला लाथा घालायला लागले. मी अडसर धरला होता, एकटीला आवरत नव्हता. ती मागून धावत आली आणि तिनंही अडसराला खांदा लावला. दोघींची तोंडं एकमेकींपासून वीतभर. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. किती वेळ गेला कळलं नाही. ते कंटाळून पुढं गेले आणि पेठेच्या टोकाला दोन गंजी पेटवून दिल्या. ती अडसरावरचा खांदा काढून मागं निघून गेली. तिनं मला काही विचारलं नाही, आणि मीही तिला काही म्हटलं नाही. त्या वेळी एक शब्द बोलले असते तर पुढचं झालं नसतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. पण मी बोलले नाही. मी माझी चूल विझली नाही ना, ते बघायला पळाले.

पाचव्या दिवशी तिचा भाऊ जवळच्या वाडीवरून आला. धाब्यात उजेडासाठी भोक ठेवतात, त्याला आमच्याकडं सानं म्हणतात. ओसरीवरच्या सान्यातून त्यानं माझ्या चुलीवर धोंडे टाकायला सुरुवात केली. पहिल्या धोंड्यानं तवा फुटला, दुसऱ्यानं गाडीवानाचा खांदा. म्हातारा तसाच शिडीवर चढला आणि त्यानं त्या माणसाचा पाय धरून खाली ओढला. तो दारापुढच्या दगडी डोणीवर पडला. त्याच्या बरगड्या गेल्या. वाडीची माणसं त्याला बाजेवर घालून घेऊन गेली. जाताना तो कण्हत बहिणीला म्हणाला, "मरू दे ते घर." ती म्हणाली, "तू जा."

सोमवार उजाडला. पंच येणार होते. मी दिवस उगवायच्या आधीपासून विचार करत बसले होते, आणि विचार एकच होता, की दोन राखा ऊन निघाल्या तर माझ्या पाटल्यांचं निम्मं घर होणार. तांबडं फुटून चांगलं दिसायला लागलं तेव्हा ती घागर घेऊन आडावर गेली. मी आत गेले. ह्या वेळी मी नुसतं पाणी ओतलं नाही. पाणी ओतलं, मग गाडीवानाची कुऱ्हाड उलटी धरली आणि तिची चूल फोडली. भरल्या घराची चूल फोडणं ह्याच्यापेक्षा वाईट काम आमच्यात बाईला नाही. अंत्यविधीहून परत आलेले लोकसुद्धा चुलीला जपून हात लावतात. तीन घावांत चुलीचे थर निघाले. आत जुनं लिंपण होतं, एकावर एक, बहुतेक तिच्या सासूच्या हातचं.

ती दारात उभी होती. घागर तिच्या हातातून सुटली. ती ओरडली नाही. माझ्याकडं न बघता ती माझ्या अंगावरून ओसरीकडं धावली, माझी चूल विझवायला. तिच्या ओल्या पदरानं ती माझ्या चुलीवर झडप घालणार, एवढ्यात मी तिला गाठलं. मी तिला मागून धरून खाली पाडलं. तिचा उजवा हात माझ्या गुडघ्याखाली आला. डावा मोकळा होता, आणि त्या हातानं ती निखारे बाहेर ओढायला लागली. उघड्या हातानं. मी तिचं मनगट धरलं.

इथवर सांगताना मी नेहमी म्हणत आले की झटापटीत तिचा हात चुलीत गेला. घरधन्यांना हेच सांगितलं, पंचांना हेच सांगितलं. तसं झालं नाही. मी तिचं मनगट धरलं आणि तिचा तळहात निखाऱ्यांत दाबून धरला. एक ते दहा म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा तरी धरला. ती खालून माझ्याकडं बघत होती. मला सोडता आलं असतं. मला मुकादम आठवत नव्हता, पाटल्या आठवत नव्हत्या, काही आठवत नव्हतं. गाडीवान मला ओढायला आला तेव्हा मी त्याला चावले.

पंच आले. तिनं जळका हात पदरात गुंडाळला होता. जंगमस्वामींनी मागच्या खोलीत जाऊन फुटलेल्या चुलीत हात घातला, आणि चिखल झालेली राख बोटांवर घेऊन बाहेर आले. मग ते माझ्या चुलीपाशी वाकले.

ती म्हणाली, "कशाला हात पोळून घेता, स्वामी? मी बघितलंय हात घालून. ऊन हाय तिची राख."

तिनं पदर सोडला आणि तळहात त्यांच्यापुढं धरला. तिन्ही म्हातारे त्या हाताकडं बघत राहिले. त्यांच्यातला एक जण भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पण रीत ती रीत. स्वामी खाली मान घालून म्हणाले, "कब्जा पुढच्या चुलीचा." आणि ते निघून गेले, माझ्या हातचं पाणी न पिता.

घर आमचं झालं. आता तिचं काय करायचं, हा प्रश्न उरला. बरगड्या मोडलेल्या भावाच्या दारी ती जाणार नव्हती. घरधनी आले, त्यांनी तिचा हात बघितला, माझं कपाळ बघितलं, आणि म्हणाले, "राहू दे तिला. भाडं मागू नको." मी म्हटलं, राहू दे, पण भाडं घेणारच. फुकट बसलेला माणूस बारा वर्षांनी मालक होतो. महिन्याला चार आणे का होईना, भाडं दिलं म्हणजे त्यानं मान्य केलं की घर दुसऱ्याचं आहे. ह्यात माझी काही चूक नव्हती. आजही मला कुणी जागेबद्दल विचारायला आलं तर मी हेच सांगते.

पावसाळा सरता सरता मोगलाई गेली. मग दुसऱ्या बाजूची घरं जळाली, दुसऱ्या लोकांनी बिऱ्हाडं उचलली, आणि घरं आणखी स्वस्त झाली. मी दोन जागांची बातमी आणली. घरधन्यांनी ऐकून घेतलं आणि ते दोर वळायला बसले. त्यांनी त्यानंतर एकही जागा घेतली नाही.

वालूरची चार दुकानं लागली. मी दर महिन्याला भाडं आणायला जायची. दुकानदारांचं झालं की मागं तिच्या दाराशी उभी राहायची. बहुतेक वेळा ती पूजेला बसलेली असायची. लिंग डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हातानं पूजा करायची, अशी आमची रीत. तिचा डावा तळहात आखडून मिटला होता, बोटं उघडत नव्हती. ती लिंग उजव्या हातावर घ्यायची आणि त्या आखडलेल्या बोटांच्या चिमटीत बेलाचं पान धरून वर ठेवायला बघायची. पान पडायचं. ती पुन्हा उचलायची. मी बाहेर उभी असल्याचं तिला कळायचं, पण ती घाई करायची नाही. पूजा झाली की चार आणे उंबऱ्यावर ठेवायची. माझ्या हातात तिनं ते कधी दिले नाहीत. मी वाकून उचलायची. एवढी वर्षं मी दुसऱ्यांना वाकायला लावलं, पण त्या उंबऱ्यापुढं मी दर महिन्याला वाकत होते, आणि मला त्याची लाज वाटायची.

एक दिवस जेवताना घरधनी म्हणाले, "मागची खोली तिच्या नावानं लिहून देऊ. आता आपलं काय अडायलंय?"

खरंच काही अडत नव्हतं. दुकानांचा माल मागं ठेवायला कुणी मागत नव्हतं. घर विकायचंही मनात नव्हतं. मी हातातला घास खाली ठेवला आणि नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं, तर मी काहीतरी कायद्याचं बोलले. खरं कारण निराळं होतं. खोली लिहून दिली असती तर तिला ती त्या सोमवारीच देता आली असती, हे कबूल करावं लागलं असतं. मग मी तिचा हात निखाऱ्यांत धरला तो कशासाठी, ह्याला माझ्यापाशी काही उत्तरच उरलं नसतं.

घरधन्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. महिना भरल्यावर मी वालूरला गेले आणि तिच्या दाराशी भाड्यासाठी उभी राहिले.